मनगटाजवळच्या दोन रेघा

एखाद्या माणसाला तीन वर्षं चुकीच्या आजाराची औषधं दिली, आणि त्या तीन वर्षांत डॉक्टर, मालक, बायको, सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं असेल, तर तुम्ही कॉलर कुणाची धरणार? करा विचार. घाई नाही. वहिनी अजून विचारच करतायत.

वहिनी म्हणजे शर्टांच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर बसणाऱ्या बाई. बटण ज्यातून आरपार जातं ती शिवलेली चीर म्हणजे काज. नवरा त्याच कारखान्यात कटिंग मास्तर, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. मालकही वहिनीच म्हणायचा. खरं नाव हजेरीच्या कार्डावर होतं, आणि तिथं ते सुखात होतं.

मास्तरांचं राज्य म्हणजे मोठं टेबल. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, खिडक्यांच्या रांगेला लागून, या टोकाला हळू बोललेलं त्या टोकाला ऐकू जाणार नाही इतकं लांब. त्यावर तागे उलगडायचे, थरावर थर चढवायचे, वर कागदी नमुना ठेवून खडूनं खुणा करायच्या आणि कटिंग मशीनचं उभं पातं त्या जाड थरातून फिरवत न्यायचं. हात सुतभर हलला की वरपासून खालपर्यंत सगळे थर सुतभर चुकतात. बिघडतो तो एक शर्ट नव्हे, शर्टांची अख्खी चळत. म्हणून टेबल ज्याच्या ताब्यात त्याला कारखान्यात मान. त्याला कुणी 'ए' म्हणत नाही. त्याचा चहा आधी येतो.

आणि ज्याचा हात गेला, त्याला खाली बसवतात. खाली म्हणजे तळमजल्यावर, धागे तोडायला. तयार शर्टाचे लोंबणारे धागे छोट्या कात्रीनं उडवत दिवस काढायचा. मास्तरांच्या आधीचे मास्तर, ज्यांनी यांना खडू कसा धरायचा ते शिकवलं, त्यांचा हात थरथरू लागला तेव्हा मालकानं मोठ्या मायेनं त्यांना खाली बसवलं. गादीची खुर्ची दिली, डोक्यावर पंखा दिला. आठवडाभर आले म्हातारबाबा. मग येईनासे झाले. मास्तर घरी विचारपूस करायला गेले तर म्हणाले, "खाली उजेड नाही रे."

तळमजल्यावर ट्यूबलाइटींचा नुसता लखलखाट होता.

त्यामुळे मास्तरांच्या स्वतःच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा ते चकार शब्द बोलले नाहीत. पहाटे उठून हात झटकत बसायचे. हात धुतल्यावर पंचा सापडला नाही की आपण पाणी झटकतो ना, तसे.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. हात झोपलाय."

"मालक तुम्हाला झोपू देत नाही. हातानं तरी झोपावं."

मास्तर हसले. पुढं काही महिन्यांनी चहाचा कप बोटांतून सुटला आणि फरशीवर फुटला, तेव्हा दोघंही हसले नाहीत. कारखान्याची वार्षिक सुट्टी लागली तसे ते दुसऱ्या गावच्या हाताच्या डॉक्टरकडे गेले. कारखान्यात सांगितलं, लग्नाला चाललोय. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दाबली गेलीये, दोन्हीकडे. तुमच्या धंद्यात होतं. छोटं ऑपरेशन आहे. त्यांनी ते छान केलं. नस मोकळी झाली, बोटं पुन्हा मास्तरांची झाली. 'तुमच्या धंद्यात होतं' या शब्दांनी सगळ्यांचं समाधान झालं. डॉक्टरांचं, मास्तरांचं, वहिनींचं. पुढं विचारायला जागाच उरली नाही.

तळहाताच्या मुळाशी, मनगटालगत, दोन सरळ रेघा तेवढ्या राहिल्या. कारखान्यात सांगितलं, इस्त्रीचा चटका बसला.

इस्त्रीवाल्यालाच ते पटेना. "मास्तर, दोन्ही हातांना? एकाच वेळी? इस्त्रीला मिठी मारली होती की काय?"

"तुझ्यासारखं एका हातानं काम करायची सवय नाही मला," मास्तर म्हणाले. सगळा कारखाना हसला आणि विषय मिटला.

त्या दिवशी घरी आल्यावर मास्तरांनी वहिनींना एवढंच बजावलं, "हातांचं या दाराबाहेर जाता कामा नये." वहिनींनी मान डोलावली. त्यांना मूलबाळ नव्हतं. मास्तरांचा धाकटा भाऊ होता, तोच त्यांचा लेक. आईबाप गेल्यावर वहिनींनी त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला होता, मास्तरांनी कटिंगला लावला होता. बाप धापा टाकत गेला होता, ऐन उमेदीत. घरात म्हणायचे, दम्यानं गेला. तोही कटरच होता. वहिनींनी धाकट्यालाही हातांचं काही सांगितलं नाही. कारखान्यात काम करणाऱ्याच्या पोटात गोष्ट राहिली तर राहिली, असं त्यांचं मत होतं. आता त्यांना ते मत नकोसं झालंय.

चार-पाच वर्षं बरी गेली. मग मास्तरांना जिन्यात दम लागायला लागला. आधी वरच्या पायरीवर थांबायचे, मग मधल्या वळणावर. मोजे काढले की पोटरीवर खोल चर उमटलेला दिसायचा. चपलांचे पट्टे करकचायला लागले.

कारखान्याचा एक डॉक्टर होता. ऑफिसशेजारच्या खोलीत बसायचा, आणि त्या खोलीची मधली भिंत म्हणजे प्लायवूडचा पडदा. पलीकडे मालकाची खुर्ची. इकडे कुणी खोकलं तर तिकडून 'पाणी प्या' असं ऐकू यायचं. डॉक्टरनं मास्तरांना तपासलं, रक्तदाब घेतला, आणि विचारलं, "आधी कधी काही ऑपरेशन?"

मास्तरांनी वहिनींकडे बघितलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

बायकोनं नवऱ्याची लाज राखायची असते असं आपण सगळेच मानतो. वहिनींनी राखली. प्लायवूडला ऐकू जाईल अशा स्पष्ट आवाजात राखली.

तिथून शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरकडे. तिथं प्लायवूड नव्हतं. मालक नव्हता. जाड काचेचं दार होतं, बाहेर मासे सोडलेली पेटी होती. त्या डॉक्टरनंही तेच विचारलं आणि वहिनी तेच म्हणाल्या. पण आता ते खोटं म्हणून म्हणाल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात आलंच नाही की मनगटाचा छातीशी काही संबंध असेल. कुणाच्या येईल? तुमच्या आलं असतं? हृदयाचा डॉक्टर हृदय बघतो, हाताचा डॉक्टर हात बघतो, आणि माणूस मधल्या मधे लोंबकळतो.

सोनोग्राफीत हृदयाची भिंत जाड दिसली. रक्तदाबानं जाड झालीय, असं ठरलं. रक्तदाब कमी करायच्या गोळ्या सुरू झाल्या. गंमत बघा, मास्तरांचा रक्तदाब वाढलेला कधी फारसा सापडलाच नव्हता. पण भिंत जाड आहे म्हणजे वाढला असणारच, हे गणित. गोळ्यांनी तो आणखी खाली आला. मास्तर खुर्चीतून उठले की डोळ्यांपुढं काळोख यायचा. दोनदा ते मोठ्या टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले आणि म्हणाले, कापडाचा ताण बघतोय. लोकांना वाटलं, मास्तर आता फारच बारकाईनं काम करतात.

तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच टेबल सोडलं. मालकानं म्हणायच्या आधी. खाली बसले नाहीत, घरी बसले. टेबल धाकट्याला मिळालं. त्या दिवशी धाकटा घरी येऊन पाया पडला, आणि मास्तर त्याला म्हणाले, "पातं रोज तूच पूस. दुसऱ्याला पुसू देऊ नकोस." आनंदाची गोष्ट होती. वहिनी आतल्या खोलीत जाऊन भांडी लावत बसल्या. ती आधीच लावलेली होती.

मग एके दिवशी त्या काचेच्या दारामागच्या डॉक्टरनं फाइल बंद केली. वहिनी त्याच्यावर पुष्कळ चिडलेल्या आहेत, पण हे एक त्या त्याच्या पदरात टाकतात. तो म्हणाला, "माझं काहीतरी चुकतंय. एवढी जाड भिंत असली की कार्डिओग्राममध्ये लाटा मोठ्या यायला हव्यात. यांच्या बारीक येतायत. मला हे कळत नाहीये. मोठ्या इस्पितळात हृदयाच्या दुर्मीळ आजारांचा वेगळा विभाग आहे. तिथं जा."

"इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"इतके दिवस मला वाटत होतं की कळतंय."

मोठं इस्पितळ बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. वहिनी एकट्याच तारीख घ्यायला गेल्या. खिडकीतल्या माणसानं कॉम्प्युटर बघून सांगितलं, चार महिन्यांनी.

"चार महिन्यांनी कोण येणार? मी एकटी?"

माणसानं मान वर केली. बघितलं. पुन्हा खाली घातली. "बाई, या विभागात आठवड्यातून एकच दिवस ओपीडी असते. डॉक्टर एकच आहेत. मी काय दुसरा छापून आणू?"

"छापू नका. कुणी यायचं रद्द केलं तर ती वेळ मला द्या."

"तसं कळवायची पद्धत नाही."

"मग मीच येऊन विचारत जाईन."

आणि त्या जात राहिल्या. ओपीडीच्या दिवशी रजा टाकून पहिली बस पकडायची, खिडकीसमोरच्या बाकावर बसायचं, दुपारी विचारायचं, संध्याकाळी परतीची बस धरायची. पुढच्या खेपेला खिडकीतला माणूस म्हणाला, "तुम्ही परत?" वहिनी म्हणाल्या, "मी गेले कुठं होते?" त्याच्या पुढच्या खेपेला त्यानं काही न विचारता मान हलवली, नाही म्हणून. मग एकदा त्यानंच हात वर करून त्यांना बोलावलं. एक पेशंट आता येणार नाही, असं तो म्हणाला. का येणार नाही, ते वहिनींनी विचारलं नाही. कळलं होतं.

डॉक्टरीण बाई पिकल्या केसांच्या, पायात कापडी बूट, बोलणं तोडून टाकल्यासारखं. जाडजूड फाइल टेबलावर होती, ती त्यांनी उघडलीच नाही. आधी मास्तरांची नाडी बघायला हात हातात घेतला. मग तो उताणा केला. मग दुसराही मागितला. दोन्ही तळहात खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरले आणि अंगठ्याजवळच्या खोलगट झालेल्या मांसावरून आपलं बोट फिरवलं.

"हे काय?"

मास्तरांनी वहिनींकडे बघितलं.

"इस्त्रीचा चटका," वहिनी म्हणाल्या. सवयीनं. दुसरं काही तोंडात आलंच नाही.

"दोन्ही हातांना? सरळ रेषेत? टाक्यांच्या खुणांसकट?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मला पेशंट बघायला आवडतात, गोष्टी ऐकायला वेळ नसतो. नस सोडवायचं ऑपरेशन आहे हे. कधी केलं?"

मास्तरांचे हात बाईंच्या हातात तसेच. शेवटी तेच म्हणाले, "टेबलावर होतो तेव्हा. सात-आठ वर्षं झाली असतील."

"हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलंत?"

"हाताचं होतं ते," मास्तर म्हणाले.

बाईंनी त्यांचे हात हळूच टेबलावर ठेवले, मोडकी वस्तू ठेवावी तसे. नंतर तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, आणि एक स्कॅन. शिरेतून औषध टोचायचं, थोडा वेळ थांबायचं आणि यंत्राखाली झोपायचं. हे औषध एरवी हाडांवर चमकतं. मास्तरांच्या फोटोत हृदय चमकत होतं. वहिनींनी तो फोटो बघितला. सगळा काळा, आणि छातीत डाव्या बाजूला उजेड. त्यांना वाटलं, चांगलं आहे. बाईंचा चेहरा बघून कळलं, नाही.

बाईंनी समजावलं, आणि या वेळी तोडून टाकल्यासारखं नाही. यकृत एक प्रथिन तयार करतं. काही घराण्यांत ते जन्मतःच कच्चं असतं, रक्तात फिरता फिरता विरतं आणि त्याची जाळी साचते. बऱ्याचदा आधी मनगटात साचते, तिथल्या नसेला दाबते. हृदयात पोचायला वर्षं लागतात. मग हृदयाची भिंत जाड होते, कडक होते. रक्तदाबाचा त्याच्याशी काही संबंध नसतो, उलट त्या गोळ्या झेपत नाहीत. पूर्वी याला औषधच नव्हतं. आता आहे. एक गोळी आहे, ती प्रथिन विरू देत नाही. आणि नवीन एक इंजेक्शन आहे, ते यकृताला हे प्रथिन बनवूच देत नाही. त्याचा अभ्यास इथंच सुरू आहे, काही पेशंट घेतायत.

"मग द्या की," वहिनी म्हणाल्या.

"साचलेलं उतरवणारं औषध अजून माझ्या हातात नाही. पुढचं साचणं थांबतं, एवढंच. म्हणून लवकर आलेल्यांना उपयोग होतो. इंजेक्शनच्या अभ्यासात घ्यायचं तर आधी चालून दाखवावं लागतं. सहा मिनिटं."

मास्तर म्हणाले, "चालतो."

विभागाबाहेर लांब बोळ होता. दोन टोकांना दोन शंकूसारखे खांब ठेवले होते, रस्ता खणतात तेव्हा ठेवतात तसले. त्यांच्यामध्ये ये-जा करायची. घड्याळ घेतलेली नर्स बाजूला उभी. पेशंटबरोबर कुणी चालायचं नाही, बोलायचं नाही, असा नियम. वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मास्तरांनी शर्टाच्या बाह्या खाली करून बटणं लावली, कामावर निघताना लावायचे तशी, आणि निघाले.

पहिली खेप चांगली झाली. जन्मभर लांबच लांब टेबलाच्या कडेनं चाललेला माणूस, पावलं सरळ पडत होती, उजवा हात कमरेच्या उंचीवर थोडा पुढं. जणू बाजूला कापड आहे. दुसऱ्या खेपेला तो हात भिंतीकडे गेला. तिसऱ्या खेपेला मधेच थांबले. नर्स म्हणाली, "काका, थांबलात तर चालेल, पण घड्याळ चालू राहील." मास्तरांनी मान डोलावली. ओठ निळसर झाले होते. ते खाली फरशीकडे बघत उभे राहिले, आणि वहिनींना कळत होतं की ते आता म्हणतील, ताण बघतोय. ते काही म्हणाले नाहीत. आणखी चार पावलं टाकली आणि नर्सनं खुर्ची पुढं सरकवली.

अभ्यासात घेतलं नाही. इस्पितळाच्या मदतीतून गोळी तेवढी मिळाली.

वहिनी एकट्याच परत आत गेल्या. "बाई, खरं सांगा. तीन वर्षांपूर्वी आलो असतो तर?"

डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवलं. "घेतलं असतं."

"हातांचं तेव्हाच सांगितलं असतं तर?"

"तर कदाचित कुणाच्या तरी डोक्यात आलं असतं. आणि ऐका, कुणीतरी यांचे हात उलटे करून बघायलाही हवे होते. सगळं आपल्या पदरात घेऊ नका."

पुढचं वाक्य वहिनींना ऐकू आलं होतं. पण घरी बरोबर आलं ते पहिलंच.

निघताना बाईंनी आणखी एक विचारलं. मास्तरांच्या रक्तात घराण्याचाच दोष निघाला होता. "भाऊ-बहीण आहेत?"

त्या रविवारी मास्तरांनी धाकट्याला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं. हात, ऑपरेशन, इस्त्री, बाप कशानं गेला असेल ते. एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. धाकटा ऐकून हसला. "दादा, माझे हात ठणठणीत आहेत. तुला झालं म्हणून मला होईलच असं थोडंच आहे?"

"एकदा रक्त देऊन ये."

"येईन रे. सीझन संपू दे. ऑर्डर पडलीये, टेबल कुणावर सोडू?"

चहा आला. धाकट्यानं कप दोन्ही तळव्यांत धरला, थंडीत धरतात तसा. खोलीत उकडत होतं. मग तो मोरीवर हात धुवायला गेला, आणि वहिनींनी दारातून बघितलं. नळ बंद करून, हात पुसून झाल्यावर, कोरडे हात तो झटकत होता.

"कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"मला शिकवू नकोस. तुझा शेंबूड पुसलाय मी."

त्याचा चेहरा पडला. "वहिनी, दादाच्या गळ्याची शपथ आहे. कारखान्यात बोलू नका. आत्ता कुठं टेबल मिळालंय."

मास्तरांनी आतून ऐकलं असावं. तो गेल्यावर ते म्हणाले, "त्याला थोडा वेळ दे. त्याच्या गळी उतरेल. कारखान्यात मात्र बोलू नकोस. माझंही नको आणि त्याचंही नको."

"आणि तो नाहीच गेला तर?"

मास्तरांसमोर एकीकडे भावाचा जीव होता, दुसरीकडे भावाचं टेबल, आणि जन्मभर टेबलालाच जीव म्हणत आलेल्या माणसाला कुठलं आधी हे सांगता येईना.

मास्तर गेले ते भर दुपारी, खिडकीजवळच्या खुर्चीत. वहिनी दळण आणायला गेल्या होत्या. परत आल्या तर मान एका बाजूला, हात मांडीवर उताणे. पिठाचा डबा खाली ठेवून त्या आधी त्यांच्या बाह्यांची बटणं लावत बसल्या. शेजारीण आली तेव्हाही त्या बटणंच लावत होत्या. जन्मभर हजारो काजं केलेली बाई, आणि एक बटण काही केल्या काजात जाईना.

दिवस-कार्य झालं. धाकट्यानं सगळं केलं, रडला, वहिनींना सोडून जेवला नाही. रक्त द्यायला मात्र गेला नाही. वहिनी सांगायच्या, तो म्हणायचा जातो. वहिनी ओरडायच्या, तो म्हणायचा या आठवड्यात नक्की. एकदा त्या स्वतः बसचं तिकीट काढून आल्या. त्या दिवशी तो कामावर लवकर निघून गेला.

मग एके सकाळी कारखान्यात मोठ्या टेबलावर थर चढवून झाले होते. धाकट्यानं पातं सुरू करायच्या आधी हात झटकले. एकदा, मग पुन्हा. वहिनींनी आपलं मशीन बंद केलं आणि उठून टेबलापाशी गेल्या.

"पातं ठेव खाली."

"वहिनी, काम चाललंय."

"ठेव म्हणते ना."

आजूबाजूची मशीनं एकेक करून थांबली. इस्त्रीवाला बघायला लागला. मालक ऑफिसच्या काचेतून बघायला लागला.

वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. आवाज चढवला नाही, पण कारखान्यात तेव्हा दुसरा आवाजच नव्हता. मास्तरांना इस्त्रीचा चटका बसला नव्हता. त्यांच्या दोन्ही हातांची ऑपरेशनं झाली होती. मीच सगळीकडे नाही म्हणत राहिले. त्यांचं हृदय त्याच रोगानं गेलं जो आधी हातांत आला होता. आणि याच्या हातांत तो आलाय. हा बोटांना मुंग्या येतात म्हणून हात झटकतो. याला आज मोठ्या इस्पितळात पाठवा.

इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली.

धाकटा पांढराफटक पडला होता. "तुम्ही मेलेल्या माणसाची अब्रू काढलीत," तो म्हणाला. "माझी काढलीत ते काढलीत. दादाची काढलीत. त्यानं तुमच्याकडे एवढं एकच मागितलं होतं."

"हो," वहिनी म्हणाल्या. "एवढं एकच मागितलं होतं."

मालक बाहेर आला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, खोटं कशाला बोला. त्यानं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला, स्वतःची गाडी दिली, रजा दिली. आणि टेबलावर लगेच दुसरा माणूस उभा केला. थर चढवलेले होते, ऑर्डर जायची होती.

धाकट्याच्या रक्तात तोच दोष निघाला. स्कॅनमध्ये हृदयात पुसटसा उजेड दिसला, नुकतीच सुरुवात. त्यानं बोळात सहा मिनिटं चालून दाखवलं, एकदाही न थांबता, नर्स म्हणाली पुरे तरी चालत होता. त्याला अभ्यासात घेतलं. ठरल्या तारखेला जाऊन तो इंजेक्शन घेऊन येतो. डॉक्टरीण बाई म्हणतात, वेळेत आला, बाकी पुढं बघू. त्यापेक्षा जास्त वचन त्या देत नाहीत.

परत आल्यावर मालकानं मायेनं त्याला खाली बसवलं. धागे तोडायला. गादीची खुर्ची दिली, पंखा दिला. वहिनी मालकाशी भांडल्या. म्हणाल्या, हात ऑपरेशननं सुटतो, मास्तरांचा सुटला होता, पुढं सहा-सात वर्षं त्याच हातांनी त्यांनी तुमचं टेबल चालवलंय. मालक म्हणाला, वहिनी, मला जोखीम घेता येत नाही, समजून घ्या. म्हणजे मास्तरांची भीती खरीच होती. वहिनींनी ज्यासाठी वर्षानुवर्षं खोटं सांगितलं ते काही उगाच नव्हतं. हेच तर सगळ्यात वाईट आहे.

धाकटा आता वहिनींशी बोलत नाही. घरी येत नाही. तयार शर्टांचे गठ्ठे न्यायला दिवसातून दोन-तीनदा वर येतो, त्यांच्या मशीनजवळून जातो आणि मान वळवतो. तो जिना चढत असला की वहिनी पायडलवरचा पाय उचलतात. मशीन थांबतं. पायऱ्यांवरची पावलं त्या कान देऊन ऐकतात. पावलं एका लयीत येतात, मधल्या वळणावर थांबत नाहीत, श्वासाचा आवाज येत नाही. तो वर पोचला की त्या मान खाली घालून पुढचं काज घेतात. कधी कधी समोरचं कापड दिसत नाही, मग नुसत्याच बसून राहतात.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते वहिनींच्या वतीनं आहे, म्हणून नाही म्हणू नका. आपल्या माणसाला घेऊन तुम्ही कधीतरी डॉक्टरांसमोर बसाल. डॉक्टर विचारतील, आधी काही झालं होतं का. तो माणूस गप्प राहून तुमच्याकडे बघेल. तेव्हा त्याच्याकडे बघू नका. डॉक्टरांकडे बघा आणि हातापायाचं, डोळ्याचं, दाताचं, बापाचं, आज्याचं, जे असेल ते सगळं सांगून टाका. तो घरी आल्यावर चिडेल, अबोला धरेल, शपथ मोडली म्हणेल. म्हणू द्या. तुम्ही सांगा.